क्यू-शिराताकी: 'एका मुलीसाठी थांबणारी गाडी' आणि त्याआधीची ६९ वर्षं

रूळांवरून

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो संदेश तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. जपानमधल्या बर्फाळ प्रदेशात एक स्टेशन आहे, तिथे रोज एकच प्रवासी चढतो, तो प्रवासी म्हणजे एक शाळकरी मुलगी, आणि तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत जपान सरकारने ते स्टेशन चालू ठेवलं. खाली बर्फात उभ्या असलेल्या एका डब्याच्या गाडीचा फोटो, आणि शेवटी "आपल्याकडे असं कधी होणार?" हा प्रश्न. गेली कित्येक वर्षं हा संदेश मराठीत येतोय. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला, म्हणून हा धागा काढतोय.

ते स्टेशन खरं होतं आणि ती मुलगीही खरी होती. गोष्ट मात्र इतकी आखडली गेलीय की स्टेशनचा सगळा इतिहास तिच्यातून गळून पडलाय. माझा जीव त्या इतिहासात जास्त गुंतलाय.

आधी जागा समजून घेऊ. होक्काइदो हे जपानचं सगळ्यात उत्तरेचं मोठं बेट. त्याच्या मध्यावरच्या आसाहिकावा शहरापासून ईशान्येला, ओखोत्स्क समुद्राकाठच्या आबाशिरीपर्यंत सेकिहोकु नावाचा रेल्वेमार्ग जातो, साधारण २३४ किलोमीटरचा. या मार्गावर कामिकावा सोडलं की डोंगर सुरू होतात. घाट आणि ४,३२९ मीटरचा सेकिहोकु बोगदा पार केला की पलीकडच्या उतारावर शिराताकीचा परिसर लागतो. इथे ओळीने पाच स्टेशनं होती: ओकु-शिराताकी, कामि-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी. म्हणजे आतलं, वरचं, नुसतं, जुनं आणि खालचं शिराताकी. जपानी रेल्वेप्रेमी या पाचांना मिळून 'शिराताकी मालिका' म्हणायचे.

नावांचं हे सांगायचं कारण, व्हायरल गोष्टीतला पहिला गोंधळ इथेच आहे. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने फेसबुकवर ही गोष्ट टाकली आणि ती जगभर गेली. तिच्यात स्टेशनचं नाव होतं कामि-शिराताकी, आणि गाडीच्या वेळा होत्या सकाळी ७:०४ व संध्याकाळी ५:०८. वेळा बरोबर आहेत, कामि-शिराताकीला दिवसभरात खरोखरच त्या दोनच गाड्या थांबत, एक जाणारी आणि एक येणारी. पण ती मुलगी चढायची क्यू-शिराताकीला, दोन स्टेशनं पुढे. सकाळची तीच गाडी कामि-शिराताकीहून निघून थोड्या वेळात तिच्या स्टेशनावर यायची. आणि संध्याकाळची ५:०८ ची गाडी कामि-शिराताकीला पोचायच्या आधीच तिचं स्टेशन, क्यू-शिराताकी, येऊन गेलेलं असायचं.

क्यू-शिराताकीचं वेळापत्रक वेगळं होतं. एन्गारू या तालुक्याच्या गावाकडे जाणारी सकाळची एकच गाडी, तिकडून परत येणाऱ्या मात्र तीन: दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. हे वेळापत्रक पाहिलं की त्या स्टेशनाचं काम कळतं. सकाळी मुलं शाळेला जाणार. परतताना कोणाची अर्धी शाळा, कोणाचा खेळाचा सराव, कोणाची परीक्षा. एन्गारूचं उच्च माध्यमिक विद्यालय हे या पूर्ण खोऱ्यातल्या मुलांचं ठिकाण होतं, आणि तीच गाडी पुढच्या स्टेशनांवरची मुलंही गोळा करत जायची. म्हणजे गाडी एकटीसाठी धावत नव्हती. तिच्या स्टेशनावर रोज चढणारी ती एकटी उरली होती.

दुसरा मुद्दा तारखेचा. २६ मार्च २०१६ ला क्यू-शिराताकी बंद झालं. त्याच दिवशी कामि-शिराताकी, शिमो-शिराताकी आणि याच मार्गावरचं कानेहाना हीसुद्धा बंद झाली, आणि होक्काइदोभरची संख्या धरली तर एकूण आठ. जपानमध्ये रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये मोठ्या प्रमाणावर बदलतं आणि स्टेशनं बहुधा त्याच दिवशी बंद होतात. शाळांचं वर्षही एप्रिल ते मार्च. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात येणं हे तिथल्या व्यवस्थेतच आहे. बाकीच्या सात स्टेशनांची तारीख तीच असताना ती एका मुलीसाठी ठरवली असं म्हणता येत नाही.

आणि त्याच २६ मार्चला काय झालं माहितीय? होक्काइदोमध्ये पहिली शिन्कान्सेन पोचली. समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत. एकाच रेल्वे कंपनीच्या एकाच वेळापत्रकात बेटाच्या दक्षिण टोकाला बुलेट ट्रेन आली आणि ईशान्येच्या डोंगरातली चार स्टेशनं एका फटक्यात पुसली गेली. मला विचाराल तर त्या दिवसाची बातमी ही होती.

आता स्टेशनचा जन्म. क्यू-शिराताकी सुरू झालं ११ फेब्रुवारी १९४७ ला, आणि ते 'स्टेशन' म्हणून सुरू झालंच नाही. जपानच्या सरकारी रेल्वेत अधिकृत स्टेशन उघडायला टोकियोच्या मुख्यालयाची मंजुरी लागायची. पण प्रादेशिक कार्यालयाला स्वतःच्या अधिकारात एखाद्या वस्तीपाशी गाडी थांबवायची मुभा होती. अशा थांब्यांना तात्पुरते चढ-उताराचे थांबे म्हणत. देशपातळीवरच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नसायचं. त्यांना स्वतःचं अधिकृत अंतर नसायचं, त्यामुळे भाडं पुढच्या खऱ्या स्टेशनापर्यंतचं द्यावं लागायचं. होक्काइदोत असे थांबे सर्वांत जास्त होते, कारण वस्त्या विखुरलेल्या, रस्ते हिवाळ्यात बंद आणि अधिकृत स्टेशनं लांब लांब.

क्यू-शिराताकी असं ४० वर्षं 'तात्पुरतं' राहिलं. १ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचं विभाजन होऊन जेआर (म्हणजे जपान रेल्वेज) होक्काइदो कंपनी झाली, तेव्हा कुठे त्याला स्टेशनचा दर्जा मिळाला. एक फलाट, एक रूळ, लाकडी प्रतीक्षाखोली. कर्मचारी नाही. अधिकृत आयुष्य २९ वर्षांचं. त्याआधीची ४० वर्षं ज्यांनी ते वापरलं, त्यांच्यासाठी ते पहिल्या दिवसापासून स्टेशनच होतं.

तिथे माणसं का आली, त्यांनी काय पिकवलं आणि ती का गेली, हे प्रतिसादांत लिहितो. कोणाला माहिती असेल तर भर घाला. एक विनंती आहे, त्या मुलीचं नाव किंवा फोटो इथे टाकू नका. ती शाळेत जात होती, एवढंच.

---

मंजिरी

सुंदर लेख. पण मनातलं विचारते. तो संदेश वाचून मला खरंच बरं वाटलं होतं. कोणीतरी एका मुलीच्या शिक्षणाची एवढी काळजी केली, या कल्पनेनेच. तपशील थोडे इकडेतिकडे असतील, पण त्यातला भाव चांगलाच आहे ना? मग त्याचा एवढा कीस कशाला?

---

गार्डसाहेब

नमस्कार. मध्य रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे जसे हॉल्ट असतात तसाच हा प्रकार दिसतो. हॉल्टवर स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही, तिकिटं विकायला कमिशनवर नेमलेला एजंट. गाडी थांबते, माणसं चढतात, गाडी निघते. रेल्वेच्या दृष्टीने तिथे गाडी 'चालवण्याचं' काही काम होत नाही.

म्हणून एक प्रश्न पडला. शिराताकीच्या पाचांपैकी कोणत्या स्टेशनावर क्रॉसिंग होतं? सिंगल लाइन असेल तर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला लूप, म्हणजे बाजूचा दुसरा रूळ, लागणार. प्रवासी नसले तरी लूप काढून टाकता येत नाही. ज्या स्टेशनावर लूप आहे आणि ज्यावर नाही, त्यांचं नशीब बंद करताना वेगळं ठरतं.

---

रूळांवरून

गार्डसाहेब, नेमका मुद्दा काढलात. सेकिहोकु मार्ग सिंगल लाइनच आहे. शिमो-शिराताकीला लूप होतं, म्हणून २०१६ ला प्रवाशांसाठी ते बंद झालं तरी जागा गेली नाही. ते सिग्नल स्थानक झालं. गाड्या तिथे आजही क्रॉसिंगला थांबतात, दारं मात्र उघडत नाहीत. कानेहानाचंही तसंच झालं. ओकु-शिराताकी त्याआधीच २००१ मध्ये प्रवाशांसाठी बंद होऊन सिग्नल स्थानक झालं होतं. घाटातली नाकाकोशी आणि कामिकोशी यांचीही तीच गत. क्यू-शिराताकीला एकच रूळ होता, त्यामुळे शेवटचा प्रवासी गेल्यावर तिथे रेल्वेचं काही काम उरलंच नाही.

या सगळ्याचा परिणाम म्हणून आज कामिकावा आणि शिराताकी या लागोपाठच्या दोन स्टेशनांत ३७.३ किलोमीटरचं अंतर आहे. जेआरच्या साध्या, म्हणजे बुलेट ट्रेन सोडून बाकीच्या, मार्गांवर लागोपाठच्या दोन स्टेशनांत एवढं अंतर जपानमध्ये दुसरीकडे कुठे नाही. मधली सगळी स्टेशनं एकेक करून गेली.

मंजिरीताई, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. भाव चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती गोष्ट ज्या रूपात फिरते त्यात रेल्वे म्हणजे दाता, मुलगी म्हणजे दान घेणारी आणि गाव कुठेच नाही. तिथे एकच मुलगी का उरली, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतच नाही. त्या खोऱ्यात एकेकाळी शाळा भरलेल्या होत्या, लाकडाची कामं चालायची, शेतं होती. ६९ वर्षं गाडी थांबली ती त्या माणसांमुळे. त्यांना वगळून शेवटच्या एका मुलीवर सगळं रचलं, तर ज्यांनी ते स्टेशन जगवलं तेच नाहीसे होतात. म्हणून हा कीस.

---

शस्त्रहीन

शिराताकी हे नाव वाचून थबकलो. हे तेच शिराताकी का, उएशिबा मोरिहेइंचं?

मी पुण्यात अनेक वर्षं आयकिदो ही जपानी युद्धकला करतो. आयकिदोचे संस्थापक उएशिबा १९१२ मध्ये दक्षिणेकडच्या वाकायामा प्रांतातल्या तानाबे परिसरातून पन्नासहून जास्त कुटुंबं घेऊन होक्काइदोत शिराताकीला वसाहत करायला गेले होते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. समुद्राकाठची, उबदार हवेत वाढलेली माणसं ती. तिथे गेल्यावर जंगल तोडून शेतं करायची, हिवाळा उणे वीसच्याही खाली. पहिली काही वर्षं पीक धड आलं नाही. १९१७ मध्ये वस्तीला मोठी आग लागली आणि बहुतेक घरं जळाली. पुढच्या वर्षी उएशिबा तिथल्या ग्रामसभेवर निवडून आले, आणि १९१९ च्या अखेरीला वडील आजारी असल्याची तार आली म्हणून सगळं सोडून परत निघाले.

आमच्यासाठी त्या काळातली मोठी घटना म्हणजे १९१५ मध्ये एन्गारूच्या एका लॉजमध्ये त्यांची ताकेदा सोकाकुंशी झालेली भेट. दाइतो-र्यू ज्युज्युत्सू या युद्धकलेचे ते गुरू. आयकिदोची मुळं तिथली.

तेव्हा शिराताकीला रेल्वे होती का? हे कुठेच वाचलं नव्हतं.

---

रूळांवरून

होय, तेच शिराताकी. तुमच्या प्रतिसादामुळे धाग्याला पायाच मिळाला.

तेव्हा शिराताकीला रेल्वे नव्हती. तुम्ही म्हणता ते १९१५ हे वर्ष एन्गारूसाठीही मोठं आहे. १ नोव्हेंबर १९१५ ला एन्गारूपर्यंत रेल्वे पोचली, याच मार्गावरच्या कितामी शहराच्या बाजूने. शिराताकी तिथून वर डोंगरात. वाकायामाहून आलेल्या त्या कुटुंबांना पुढची १४ वर्षं रेल्वे मिळाली नाही. १९२७ मध्ये रूळ एन्गारूहून मारुसेप्पुपर्यंत आले. १२ ऑगस्ट १९२९ ला शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही स्टेशनं उघडली. पलीकडून, आसाहिकावाच्या बाजूने, दुसरं टोक घाटाकडे सरकत होतं. १ ऑक्टोबर १९३२ ला सेकिहोकु बोगद्यातून दोन्ही टोकं जोडली गेली, आणि त्याच दिवशी कामि-शिराताकी उघडलं. त्याआधी आसाहिकावाहून आबाशिरीला जायचं तर उत्तरेला नायोरोवरून किंवा दक्षिणेला इकेदावरून मोठा वळसा पडायचा.

'क्यू', म्हणजे जुनं शिराताकी, हे वस्तीचं नाव होतं. आधीची वस्ती ती. रेल्वे आली, मुख्य स्टेशन वरच्या बाजूला झालं, गावाचं केंद्र तिकडे सरकलं आणि मागे राहिलेल्या वस्तीला जुनं म्हणू लागले. त्या जुन्या वस्तीसमोरून गाड्या १८ वर्षं न थांबता जात होत्या. १९४७ ला थांबू लागल्या. मला त्या १८ वर्षांचा विचार छळतो. दारासमोरून रूळ जातात आणि गाडीत बसायला बर्फातून पुढच्या स्टेशनापर्यंत चालायचं.

---

पाटीपुस्तक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे परिपाठात 'बोधकथा' म्हणून ही जपानी मुलीची गोष्ट दरवर्षी कोणीतरी सांगतंच. मुलांना ती फार आवडते. आता खरी गोष्ट पाच मिनिटांत, तिसरी-चौथीच्या मुलांना समजेल अशी, कशी सांगू? कोणी मदत कराल?

---

हिमकण

साप्पोरोला शिकायला आहे, त्यामुळे या मार्गाने गेलोय, गेल्या हिवाळ्यातही गेलो होतो. जे पाहिलंय ते लिहितो.

साप्पोरोहून 'ओखोत्स्क' एक्सप्रेस सुटते. कामिकावानंतर खिडकीबाहेर अर्धा तास फक्त झाडं आणि बर्फ. मोबाइलची रेंज जाते. मध्येच गाडी मंदावते, बाजूला दुसरा रूळ दिसतो, एक छोटी इमारत, आणि पुन्हा जंगल. ती सगळी पूर्वीची स्टेशनं, हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते मारुसेप्पुचे होते. त्यांनी बोट दाखवून प्रत्येकाचं नाव घेतलं.

एन्गारूला एक गंमत बघायला मिळते. गाडी तिथे उलट दिशेने निघते, म्हणून सगळे प्रवासी उठून आपापली सीट फिरवतात. कारण, पूर्वी तिथून नायोरोकडे जाणारा मार्ग होता आणि मूळची सरळ वाट ती होती. तो मार्ग १९८९ मध्ये बंद झाला. रूळांचा तिठा गेला, पण उलटं फिरणं राहिलं.

लहान गाड्यांबद्दलही सांगतो, कारण फोटो पाहून लोक विचारतात. एकच डबा, डिझेलवर चालणारा, गार्ड नाही, एकटा चालक. मागच्या दाराने चढायचं आणि यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. पुढे चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या क्रमांकासमोर भाडं वाढत जाताना दिसतं. उतरताना पुढच्या दाराशी पेटीत पैसे टाकायचे. क्यू-शिराताकीवरून चढणाऱ्यांचंही हेच असणार.

---

गार्डसाहेब

हिमकण, छान लिहिलंत. आयुष्यभर गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये बसलेल्या माणसाला 'गार्ड नाही' हे वाचून कसं वाटलं असेल ते समजून घ्या. पण एका डब्यासाठी दोन माणसं परवडणार नाहीत, हेही कळतं.

रूळांवरून, आता हिशोबाकडे या. मार्ग तोट्यात असणार हे उघड आहे. मग नुसती स्टेशनं का काढली, मार्गच का नाही बंद केला?

---

रूळांवरून

कांद्यामुळे. मोठं कारण तेच.

कितामी हा जपानमधला सर्वांत मोठा कांदा पिकवणारा भाग. ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत कितामीहून कांद्याची मालगाडी याच मार्गाने निघते. लोक तिला कांदा एक्सप्रेसच म्हणतात. एन्गारूला दिशा उलटते म्हणून तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिझेल इंजिनं लावतात, म्हणजे इंजिन सोडून परत जोडायला नको, आणि घाटातही ढकलायला मदत होते. नाशिक-लासलगावच्या लोकांना कांद्याच्या रेकची किंमत वेगळी सांगायला नको. स्टेशनं बंद झाल्यावर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, लागोपाठच्या चक्रीवादळांनी कामिकावा-शिराताकी टप्प्यात रूळांखालची माती वाहून गेली. मार्ग १ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाला. नेमका कांद्याचा हंगाम. त्या पाच-सहा आठवड्यांत माल रस्त्याने हलवताना सगळ्यांना कळलं की हा मार्ग कोणासाठी आहे.

तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये जेआर होक्काइदोने जाहीर केलं की १,२०० किलोमीटरहून जास्त मार्ग कंपनी एकटी चालवू शकत नाही. त्या यादीत सेकिहोकु मार्गही आहे. या कंपनीचे सगळे शेअर सरकारी संस्थेकडे आहेत, म्हणजे नाव खासगीकरणाचं आणि मालक अजून सरकारच. लोकवस्ती विरळ, बर्फ काढायचा खर्च प्रचंड, आणि टोकियो-ओसाकासारखा नफ्याचा मार्ग एकही नाही. १९८७ च्या विभाजनात होक्काइदोच्या वाट्याला जे आलं त्यातच पुढचं सगळं ठरलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे २०२१ पासून काही लहान स्टेशनांची देखभाल स्थानिक नगरपालिकांनी स्वतःच्या खर्चाने घेतली. म्हणजे 'स्टेशन हवं तर खर्च तुमचा' असा व्यवहार. क्यू-शिराताकी त्याआधीच बंद झालं होतं.

पिकांचं राहिलं होतं. शिराताकीच्या खोऱ्यात बटाटा आणि पुदिना व्हायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कितामी परिसर जगातल्या पुदिन्याच्या व्यापारातला सुमारे ७० टक्के वाटा उचलायचा. युद्ध आलं, नंतर बाहेरचा स्वस्त पुदिना आणि कृत्रिम मेंथॉल आलं, आणि तो धंदा संपला. लाकडाचंही तेच झालं. शेती सोडून माणसं शहरांत गेली. २००५ मध्ये शिराताकी हे स्वतंत्र गावही उरलं नाही, एन्गारूत विलीन झालं.

---

हिमकण

कानेहानाचा उल्लेख वर आलाय म्हणून हे लिहायलाच हवं. त्याच २६ मार्चला बंद झालेलं, या मार्गावरचं चौथं स्टेशन.

कानेहानाजवळ जोमोन बोगदा आहे, ५०७ मीटरचा, १९१४ ला सुरू झालेला. तो खणायला मजुरांना फसवून आणलं, कोंडून ठेवलं, मारहाण केली. शंभराहून जास्त माणसं मेली. आजूबाजूच्या लोकांत कित्येक दशकं कुजबुज होती की मेलेल्यांना बोगद्याच्या भिंतीत पुरलंय. १९६८ च्या भूकंपात बोगद्याला तडे गेले, आणि १९७० मध्ये दुरुस्ती करताना विटांच्या मागे खरंच माणसाचा सांगाडा सापडला. १९८० मध्ये कानेहानाला त्या मजुरांचं स्मारक उभं राहिलं.

रस्त्याचंही तसंच. आबाशिरीहून शिराताकीपलीकडच्या कितामी घाटापर्यंतचा मध्यवर्ती रस्ता १८९१ मध्ये आबाशिरी तुरुंगातल्या कैद्यांनी बांधला. हजाराहून जास्त कैदी लावले होते, आठ महिन्यांत २११ मेले. उएशिबांसोबत आलेली कुटुंबं ज्या रस्त्याने शिराताकीला पोचली असतील तो हा रस्ता. आणि या सगळ्याच्या आधी ही भूमी इथले मूळ रहिवासी असलेल्या आयनू लोकांची होती. त्यांना विचारून यातलं काहीच झालं नाही.

---

मंजिरी

हे वाचून सुन्न झाले. रूळांवरून, 'गाव कुठेच नाही' असं तुम्ही का म्हणालात ते आता पटलं. तरी एक विचारते. त्या मुलीला शेवटच्या दिवशी कोणी निरोप दिला का? एवढंच कळलं तरी बरं वाटेल.

---

रूळांवरून

दिला, मंजिरीताई. शेवटच्या दिवशी गावकरी आणि लांबून आलेले रेल्वेप्रेमी स्टेशनावर जमले होते. तो निरोप स्टेशनलाही होता आणि तिलाही.

पाटीपुस्तक, तुमच्यासाठी लिहून पाहिलंय. हवा तसा बदल करा:

"जपानमध्ये खूप थंडीच्या डोंगरात क्यू-शिराताकी नावाची एक वस्ती होती. समोरून रेल्वे जायची, पण थांबायची नाही. मग १९४७ मध्ये तिथल्या रेल्वे कार्यालयाने गाडी थांबवायला सुरुवात केली. स्टेशनचं नाव मोठ्या वेळापत्रकात नव्हतं, पण शाळेत जाणाऱ्या मुलांना गाडी मिळू लागली. ४० वर्षांनी ते खरं स्टेशन झालं. हळूहळू लोक कामासाठी शहरात गेले, मुलं कमी झाली आणि शेवटी रोज चढणारी एकच मुलगी उरली. तिची शाळा संपली त्याच महिन्यात स्टेशनही बंद झालं. तिच्याआधी जवळजवळ ७० वर्षं कितीतरी मुलं त्याच फलाटावरून शाळेत गेली होती."

आणि मग मुलांना विचारा: आपल्या गावात एस.टी. कोणासाठी थांबते? ती थांबावी म्हणून कोणी अर्ज केला होता? घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. अशी माहिती गावोगावी असते, फक्त कोणी विचारत नाही.

---

पाटीपुस्तक

फार फार आभार. सोमवारच्या परिपाठात हेच वाचणार. आणि एस.टी.चा प्रश्न गृहपाठ म्हणून देते. आमच्या गावचा थांबा कसा मिळाला हे मलाही माहीत नाही.

---

शस्त्रहीन

हिमकण, एक व्यवहाराचं विचारतो. पुढच्या वर्षी जपानला प्रशिक्षणासाठी जायचा विचार आहे. शिराताकीला जाता येईल का? की तिथे आता काहीच नाही?

---

हिमकण

जाता येईल. शिराताकी स्टेशन चालू आहे आणि ओखोत्स्क एक्सप्रेस तिथे थांबते. दिवसातून गाड्या मोजक्याच, म्हणून आधी परतीची गाडी ठरवा आणि मग जायची.

तिथे बघायला ऑब्सिडियन आहे, ज्वालामुखीतून तयार झालेली काळी काच. शिराताकीच्या आकाइशि डोंगरात तिचा जपानमधला मोठा साठा आहे. अश्मयुगातली माणसं तिची पाती आणि भाल्याची टोकं करायची. इथली ऑब्सिडियन पार साखालिन बेटापर्यंत पोचलेली सापडलीय. तिथल्या उत्खननातल्या १,९६५ वस्तूंना २०२३ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. त्या ठेवलेलं संग्रहालय शिराताकी गावातच आहे.

क्यू-शिराताकीची जागा शिराताकीहून एन्गारूकडे जाताना, शिमो-शिराताकीच्या आधी लागते. एक्सप्रेस तिथे मंदावत नाही, त्यामुळे खिडकीतून बघायचं असेल तर शिराताकी सोडल्याबरोबर तयार राहा. मे ते ऑक्टोबर हा काळ धरा. कांद्याची गाडी बघायची असेल तर ऑगस्टच्या नंतरचा.